ग्राफिक्स कार्डाचा पंखा खरखरतो: तेल, पेस्ट की नवा पंखा?

अकोलेकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपमध्ये जीटीएक्स १६६० सुपरचे दोन पंख्यांचे कार्ड आहे. ते घेऊन साडेचार वर्षे झाली आणि त्याची तीन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपली. उन्हाळा लागल्यापासून, संगणकावर नुसते टंकलेखन चालू असतानाही, दर पाच-सात मिनिटांनी कॅबिनेटमधून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो, मिनिटभर टिकतो आणि आपोआप थांबतो. गेम सुरू केला की आधी हीच खरखर ऐकू येते आणि पुढे ती मोठ्या घोंगावण्यात बुडून जाते. खोलीत एसी नाही, कूलर आहे. त्याच्या आवाजावरही हा आवाज मात करतो, यावरून कल्पना यावी. दुरुस्तीच्या दुकानात कार्ड न उघडताच ‘पेस्ट सुकली असेल, बदलून देतो’ असे सांगितले, तर शेजारचा मुलगा शिलाई मशीनचे तेल सोडा म्हणतो. नवे कार्ड घेण्याची सध्या तयारी नाही. नेमका दोष कुठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे?

तापमापक

चिप आणि तिच्यावरचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूच्या पत्र्यांचा ठोकळा) यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली की चिप तापते आणि पंखे जोरात फिरू लागतात, पण त्यामुळे पंखा खरखरत नाही. तुमच्या वर्णनात दोन वेगळे आवाज आहेत: एक खरखरीचा आणि दुसरा वाऱ्याचा. त्यांची कारणे वेगळी असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून दोन्हींवर एकच औषध शोधू नये.

दर पाच-सात मिनिटांनी आवाज येण्याचे कारण बहुधा असे असावे. अशा पुष्कळ कार्डांत चिप एका ठरावीक तापमानाखाली, साधारण ५० ते ६० अंशांच्या खाली, असली की पंखे पूर्ण बंद राहतात. खोलीत २५ अंश असतील तर रिकामी बसलेली चिप ४० च्या आसपास राहते आणि पंखे तासन्‌तास हलत नाहीत. अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८-३९ अंशांवर असते, त्यामुळे चिप नेमकी त्या सीमारेषेवर घोटाळत राहते. पंखा सुटतो, चिप चार अंश उतरते, पंखा थांबतो, चिप पुन्हा चढते. बेअरिंगमधले वंगण कमी झाले असेल तर प्रत्येक वेळी सुटताना ते कुरकुरते. म्हणजे दोष हिवाळ्यातही असेल, पण त्याला दिवसातून दोनदाच बोलायची संधी मिळत असेल.

खात्रीसाठी पुढील गोष्टी करून पाहा. एमएसआय आफ्टरबर्नर या, कार्डाचे पंखे नियंत्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा वेग आपोआप न ठेवता हाताने ३० टक्क्यांवर लावा, मग पाच-पाच टक्क्यांनी वाढवत कोणत्या आकड्याला आवाज येतो ते कागदावर लिहा. त्यानंतर बाजूचे झाकण काढून, पात्यांना नव्हे तर पंख्याच्या मधल्या गोल टोपीला बोट हलकेच टेकवून, एकेक पंखा दोन-तीन सेकंद थांबवा. ज्याला थांबवल्यावर आवाज थांबेल तो दोषी. हे कमी वेगावरच करावे. कार्डाशेजारची एखादी वायर पात्याला घासत नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या. अशा तक्रारी मी दोनदा एका केबल-टायवर मिटवल्या आहेत.

कान टवकारून

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. गेममधला आवाज ‘ची-ई’ असा बारीक, विजेच्या चोकसारखा असेल तर तो पंख्याचा नसून कार्डावरच्या कॉइलचा (वीजपुरवठ्यातल्या तारेच्या वेटोळ्याचा) असू शकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. पंख्याचा वेग कायम ठेवून गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घाला. आवाजाची पट्टी लगेच बदलली तर तो कॉइलचा, आणि त्यावर तेल किंवा पेस्टचा काहीही उपयोग नाही. फ्रेमची मर्यादा हाच त्यावरचा स्वस्त उतारा.

शिवाय दोन मॉनिटर जोडले आहेत का? दोघांचे रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा) वेगळे असतील तर काही कार्डांत मेमरीचा वेग विश्रांतीच्या पातळीवर उतरतच नाही आणि काम नसतानाही चिप काही अंश गरम राहते.

अकोलेकर

दोघांचेही आभार. मॉनिटर एकच आहे. काल रात्री सगळे करून पाहिले, तेव्हा खोलीत ३७ अंश होते. काहीही न चालवता चिप ५१ ते ५६ च्या दरम्यान खालीवर होत होती आणि पंखा खरोखरच सुटत-थांबत होता. हाताने वेग लावल्यावर ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत खरखर स्पष्ट येते, ६० च्या पुढे ती ओळखू येत नाही. टोपीला बोट लावल्यावर मागच्या पट्टीकडचा, म्हणजे एचडीएमआयच्या बाजूचा, पंखा निर्दोष निघाला. दुसऱ्याला थांबवले की शांतता. गेममध्ये चिप ८१ अंशांवर आणि पंखे ८५ टक्क्यांवर जातात. फ्रेमची मर्यादा घातल्यावर आवाजाची पट्टी बदलली नाही, फक्त घोंगावणे कमी झाले. एक गोष्ट कळली नाही: स्क्रीनवर पंख्याच्या वेगाचा आकडा एकच दिसतो आणि तो अगदी स्थिर आहे. पंखा बिघडला असेल तर आकडा हलायला नको का?

सोल्डरवाला

आकडा एकच दिसतो कारण अशा अनेक कार्डांवर दोन्ही पंख्यांना एकच जोड असतो आणि वेग सांगणारी तार त्यांपैकी एकाच पंख्याची वापरलेली असते. तुमचा चांगला पंखा आकडा देत असेल तर दुसरा पूर्ण बंद पडला तरी स्क्रीनला पत्ता लागणार नाही. त्यासाठी शेवटी डोळे आणि कान लागतातच.

आता आणखी एकच चाचणी करा. संगणक बंद करून कॅबिनेट मदरबोर्डच्या बाजूवर आडवे निजवा, झाकण वर येऊ द्या आणि पुन्हा सुरू करा. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डाचे पंखे जमिनीकडे तोंड करून लटकलेले असतात. आडव्यात त्यांचा आस जमिनीला समांतर होतो. खरखर बदलली किंवा गेली तर स्लीव्ह बेअरिंग (ज्या वंगण घातलेल्या नळीत पंख्याचा आस फिरतो ती) झिजून सैल झाले आहे, असे बिनदिक्कत समजावे.

तेलाविषयी माझे मत प्रामाणिकपणे सांगतो. शिलाई मशीनचे तेल पातळ असते, त्याचा एक थेंब बेअरिंगपर्यंत पोहोचला तर पंखा त्या दिवशी गप्प होतो, हे खरे आहे. मात्र वरच्या चकचकीत स्टिकरखाली तेल सोडून काही होत नाही, कारण बेअरिंगचे तोंड बहुतेक वेळा मागच्या अंगाला असते आणि पंखा उतरवल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही. गंज सोडवण्याचा फवारा तर मुळीच मारू नये. तो उरलेसुरले वंगणही धुऊन काढतो. एवढा पंखा उतरवणारच असाल तर नवा का बसवू नये?

नवा मागवताना कार्डाचे नाव सांगून भागत नाही. पंख्याच्या टोपीवरचा किंवा मागचा क्रमांक वाचा, पात्यांच्या टोकापासून टोकापर्यंतचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, स्क्रूच्या छिद्रांमधले अंतर मोजा, तारा किती आहेत ते पाहा आणि फिरण्याची दिशा टिपून ठेवा. दोन्ही पंखे मुद्दाम उलटसुलट दिशेने फिरणारी कार्डेही असतात. मुंबईत ज्याला आपण लॅमिंग्टन रोड म्हणतो त्या डॉ. भडकमकर मार्गावर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असे सुटे पंखे विचारून पाहता येतात. तुम्हाला ऑनलाइन जोडी मागवणे सोयीचे. जोडीच घ्या, कारण दुसराही तितकीच वर्षे फिरला आहे.

तापमापक

सोल्डरवाल्यांशी तेलाबाबत थोडा असहमत आहे. नवा पंखा पोहोचायला दहा दिवस लागणार असतील तर तोवर तेलाने वेळ मारून नेण्यात काही गैर नाही, फक्त ती दुरुस्ती समजू नये. त्याहून सोपे म्हणजे पंखा सतत ३० टक्क्यांवर चालू ठेवणे. सुटताना होणारी कुरकुर तरी टळेल.

वाऱ्याच्या आवाजासाठी मात्र हीटसिंक पाहा. कूलरच्या ओलसर हवेत धूळ पत्र्यांवर सुटी न राहता नमद्यासारखी चिकटते, आणि वरून फुंकर मारली तर पंख्यामागचा तो थर तसाच राहतो. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंगची आणखी वाट लागेल. वेग २० टक्क्यांनी उतरला तरी पंख्याचा आवाज साधारण ५ डेसिबलने कमी होतो, म्हणून तापमानात मिळालेले चार-पाच अंशही कानाला जाणवतात. आफ्टरबर्नरमध्येच पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यावी ती मर्यादा, ८० टक्क्यांवर आणून पाहा. खेळताना फरक कळला तर परत वाढवा.

पेस्टसाठी हीटसिंक उचलायचे ठरवलेत तर मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटू देऊ नका. त्यांच्या जागी जास्त जाडीचे पॅड बसवले की चिप आणि हीटसिंक यांच्यात फट राहते आणि कार्ड पूर्वीपेक्षा जास्त तापते.

अकोलेकर

कॅबिनेट आडवे करताच खरखर जवळजवळ नाहीशी झाली होती, म्हणून तेलाच्या वाटेला न जाता जोडी मागवली. अकराशे रुपये पडले. जुना पंखा काढल्यावर त्याचे पाते दोन बोटांत धरून हलवले तर ते आसावर स्पष्ट डुगडुगत होते. चांगल्या पंख्याचे तसे होत नव्हते. पंखे निघाल्यावर त्यांच्या मागे राखाडी धुळीचा अखंड पापुद्रा दिसला, तो चिमट्याने धरून सोलावा लागला. हीटसिंक उचलले नाही, पेस्टला हात लावला नाही.

आज खोलीत ३८ अंश असताना त्याच गेममध्ये चिप ७४ वर स्थिरावली आणि पंखे ६४ टक्क्यांवर. पॉवर लिमिट अजून १०० वरच आहे. रिकाम्या वेळी पंखे ३० टक्क्यांवर सतत चालू ठेवले आहेत आणि कूलरपुढे ते ऐकू येत नाहीत. कूलर बंद केल्यावर मात्र आता कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याची बारीक टकटक कानी पडते. तिच्यासाठी झाकण पुन्हा उघडतो आहे.