मदत हवी आहे : लिव्हरपूलच्या जुन्या बॅरिस्टर चेंबर्सचा इतिहास

नमस्कार मंडळी. मी लिव्हरपूलमध्ये एका बॅरिस्टर चेंबर्समध्ये क्लार्क आहे. चेंबर्सचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अडचण अशी, की चेंबर्स म्हणजे कंपनी नव्हे. प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र. भाडं आणि क्लार्कचा खर्च तेवढा वाटून घ्यायचा. त्यामुळे जुनं दप्तर जवळपास नाहीच. दारावरच्या पाटीवरची नावं बदलली, की जुनी पाटी गेली रद्दीत!

बॅरिस्टर रोझ हाइलब्रॉन लिव्हरपूलच्याच. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये किंग्ज कौन्सेल (ज्येष्ठ बॅरिस्टरांना मिळणारा मान) झालेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक. अशा मोठ्यांबद्दल भरपूर सापडतं, पण मला साधी माणसं हवी आहेत. १९५६ पासून इथे क्राउन कोर्ट (गंभीर फौजदारी खटल्यांचं कोर्ट) होतं, १९७२ मध्ये असाइझ कोर्टं (न्यायाधीश गावोगावी फिरून भरवायचे ती) बंद झाली. या काळात नॉर्दर्न सर्किटवर (वायव्य इंग्लंडमधल्या कोर्टांच्या विभागात) कुणी मराठी बॅरिस्टर होते का? बाबासाहेबांसारखे बरेच जण लंडनला सनद घेऊन परतले. उत्तरेत राहिलेलं कुणी?

घरात आजोबा-पणजोबांची पत्रं, फोटो, फीच्या नोंदी असतील तर कृपया कळवा. आणि जुन्या ‘लॉ लिस्ट’मधून (वकिलांची नावं-पत्ते देणारी छापील यादी) एकाच पत्त्यावरची माणसं कशी शोधायची, हे कुणी केलंय का?