इलेक्ट्रिक कारला ‘बिनगिअरची’ म्हणावं का?

प्रश्न : स्कूटरला आपण नागपुरात सर्रास ‘बिनगिअरची’ म्हणतो. आता इलेक्ट्रिक कारलाही लोक तोच शब्द लावतात. शोरूमवाला मात्र सांगतो की आत गिअर आहे. मग शब्द चुकतो की शोरूमवाला?

उत्तर : शोरूमवाला बरोबर आहे, भाऊ. गिअर म्हणजे दंतचक्र, आणि ते त्या कारमध्ये असतंच. मोटर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेऱ्या घेऊ शकते, चाकाला एवढ्या नकोत. म्हणून वेग उतरवून जोर वाढवणारी एक कायमची जोडणी लागते. टेस्लाच्या मॉडेल एसमध्ये तिचं प्रमाण ९.७३ ला १ होतं. नसतो तो गिअरबॉक्स, म्हणजे ही प्रमाणं बदलणारी पेटी.

पेट्रोल इंजिनाला ती पेटी का लागते? मिनिटाला सातआठशे फेऱ्यांच्या खाली ते बंद पडतं. वर्धा रोडच्या सिग्नलवर चाकं थांबलेली, इंजिन फिरतंय. ही तफावत क्लच सांभाळतो, आणि पुढे इंजिन आपल्या सोयीच्या फेऱ्यांत राहावं म्हणून गिअर बदलावे लागतात. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते.

वाफेच्या इंजिनाचंही तसंच. दाब बॉयलरमध्ये आधीच तयार असतो, त्यामुळे थांबलेल्या पिस्टनलाही तो ढकलतो. अमेरिकेतल्या स्टॅन्ले बंधूंच्या वाफेच्या मोटारीत इंजिनाचं दंतचक्र थेट मागच्या आसाच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या जोडणीला, भिडलेलं असे. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही. त्यांच्याच वाफेच्या मोटारीने १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ताशी २०५ किलोमीटरचा वेग गाठला होता. मला तर हे यंत्र फार देखणं वाटतं.

शंका : मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयातल्या वाफेच्या इंजिनांत दांडे थेट चाकांना जोडलेले आहेत. पिस्टनपासून चाकापर्यंत दंतचक्र नाहीच. तरी ‘व्हॉल्व्ह गिअर’ म्हणतात, ते कसं?

उत्तर : तिथे गिअर म्हणजे यंत्रणा, साज. विमानाच्या ‘लँडिंग गिअर’मध्येही हाच अर्थ. वाफ सिलिंडरमध्ये कधी सोडायची आणि कधी तोडायची, हे व्हॉल्व्ह गिअर ठरवतो. निघताना वाफ जास्त वेळ आत येऊ देतात, म्हणजे ओढ वाढते. वेग आला की ती लवकर तोडतात. आतली वाफ प्रसरण पावत उरलेलं काम करते. उलटं जायचं तरी याच साजाने वाफेची वेळ बदलतात. विजेच्या कारमध्ये मोटरच उलटी फिरवली जाते, म्हणून ‘रिव्हर्स टाकला’ म्हणताना दंतचक्र जागचं हलत नाही.

तेव्हा अशा कारला ‘एकगिअरी’ म्हणावं. पोर्शे टायकान ही इलेक्ट्रिक कार मात्र अपवाद, तिच्या मागच्या मोटरला दोन गिअर आहेत, ती ‘दोनगिअरी’. ‘बिनगिअरची’ हा शब्द चाकातच मोटर बसवलेल्या, थेट फिरणाऱ्या स्कूटरसाठी राखावा. पेट्रोलच्या स्कूटरला तर तो मुळीच लागू नाही. तिच्यात पट्ट्यावर चालणारी, आपोआप प्रमाण बदलणारी यंत्रणा असते, आणि मागच्या चाकापाशी दंतचक्रंही.