जूनमध्ये गाव सोडतोय, चालू शेताचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण माहिती अर्धवट दिली की सगळे "जमीन विकू नका" एवढंच सांगून मोकळे होतात. विकायची नाहीच आहे.

जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याच्या अलीकडे आमची सव्वादोन एकर बागायत आहे. सातबारा अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर. बायकोची शिक्षक भरतीत निवड झाली आणि जिल्हा मिळाला सिंधुदुर्ग. मार्चमध्ये ती हजर झाली, लेकीला बरोबर घेऊन गेली. तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना १६,००० मानधन, आणि त्यानंतरही बदली कधी मिळेल ते सांगता येत नाही. म्हणजे हे वर्षभराचं प्रकरण नाही. कुडाळजवळ दोन खोल्या ठरवल्यात. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, त्याआधी मी आणि आई तिकडे जाणार. मी तिकडे काय काम करणार हा वेगळा धागा होईल, तो विषय इथे नको.

अण्णा येणार नाहीत. वय ७२. "चिऱ्याच्या घरात बसून मी काय माशा मारू?" म्हणतात आणि विषय संपवतात.

सध्या काय काय चालू आहे ते सांगतो. पहाटे पाचला शेणघाण, धारा, डेअरीला दूध. दोन एचएफ (होल्स्टीन) संकरित गाई आणि एक कालवड. एक गाय गाभण आहे, जुलैच्या मध्यावर विणार. एक एकर उन्हाळी कांदा होता, काढणी झाली. पातीसकट रानात सुकवला, आता बायका माना कापतायत. सावलीत पडलेला ढीग चार-पाच दिवसांत चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये जाईल. ऊस वीस गुंठे, तोड जानेवारीत झाली, खोडवा, म्हणजे तोडल्यावर त्याच खोडांतून येणारा पुढचा ऊस, चांगला फुटून आलाय. दहा गुंठे नेपियर, गाईंच्या चाऱ्याचं गवत. उरलेलं रान नांगरून तापत टाकलंय. शिवाय कोंबड्या आणि एक कुत्रा, खिळ्यांच्या पट्ट्यासकट. तो पट्टा कशासाठी हे जुन्नरकरांना सांगायला नको.

खरी अडचण पाण्याची. थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मोटार मोबाईलवरून सुरू होते, पण दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस लागतोच, आणि ते उसात, अंधारात. बिबट्या बघितला नाही असं घर आमच्या मळ्यात नाही. मी आहे तोवर अण्णांना रात्री बाहेर पडू देत नाही. मी गेल्यावर ते ऐकणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

चुलतभाऊ म्हणतो, "मला अर्धेलीने दे, काळजी सोड." म्हणजे तो कसणार आणि पीक निम्मं निम्मं. माणूस चांगला आहे, ट्रॅक्टर त्याचा आहे, कष्टाळू आहे. पण गावात जो तो कानात सांगतोय की कूळ लागेल, म्हणजे कसणारा उद्या जमिनीवर हक्क सांगेल. कोणी म्हणतं अकरा महिन्यांचा कागद कर, कोणी म्हणतं कागदच करू नको. शेत म्हणजे काही खोली नाही, कुलूप लावून किल्ली खिशात टाकायला.

तर विचारायचं हे की भावाला द्यायचं तर कसं द्यायचं? गाई कोकणात नेऊ की विकू? आणि कांदा आत्ता पडेल भावात घालवू की चाळीत अण्णांच्या भरवशावर ठेवू?

बांधावरचा वकील

अकरा महिन्यांचा कागद घरभाड्यासाठी ठीक आहे. शेतजमिनीला त्याचं कवच नाही, हे आधी डोक्यातून काढा. १९४८ च्या कुळकायद्यात कलम ४ आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस कूळ मानला जातो. त्यातून वगळलेत ते मालकाच्या कुटुंबातले, मालकाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या देखरेखीखाली काम करणारे मजूर, आणि पगारी गडी. पगार रोख असो की वस्तूत, चालतो. मात्र पिकाचा वाटा पगारात धरत नाहीत. म्हणजे अर्धेली हीच नेमकी अडचणीची वाट. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाचं, म्हणजे कुळं जमिनीची मालक मानली गेली त्या दिवसाचं, लोक सांगतात ते त्या वेळच्या कुळांचं. त्यानंतर निर्माण झालेल्या कुळालाही कलम ३२-ओ खाली वर्षभराच्या आत खरेदीचा हक्क मागता येतो.

घाबरवत नाहीये. तुमची बाजू भक्कम आहे, कारण खातेदार स्वतः शेतावर राहणार आहेत. अण्णा देखरेख करतायत, भाऊ मजुरीने कामं करतोय, असं ठेवा. मजुरी बँकेतून द्या. माल अण्णांच्या नावाने बाजारात जाऊ दे, विक्रीची पट्टी त्यांच्या नावाची येऊ दे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची सरकारी नोंद, अण्णांच्या खात्यातूनच करा; फोटो रानात उभं राहून काढावा लागतो, ते त्यांना आत्ताच शिकवून ठेवा. आणि जे काही लिहाल ते तालुक्याच्या वकिलाकडून लिहून घ्या, माझ्या प्रतिसादावरून नको.

धागाकर्ता

वकीलसाहेब, इतकं स्पष्ट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पण भावाला "तू मजुरीने ये" कसं म्हणू? उद्या भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मजुरी थोडी कमी ठेवून वर पिकाच्या हिशेबात काही बक्षीस दिलं तर?

बांधावरचा वकील

बक्षीस पिकाच्या प्रमाणात ठरलं की तो पुन्हा वाटाच झाला. नाव बदलून उपयोग नाही.

माहेर ओतूर

दादा, तुमचा भाऊ ट्रॅक्टरचं भाडं अख्ख्या मळ्याकडून घेतो ना? तेव्हा त्याला कमीपणा वाटतो का? मग त्याच दराने तुमच्याकडूनही घेऊ दे. नांगरट, रोटर, सरी, फवारणी, ज्याचा त्याचा दर. आमच्याकडे दीर पुण्याला गेले तेव्हा असंच केलं. हिशेबाची वही जाऊबाईंकडे होती, म्हणून भांडण झालं नाही. वही बायकांच्या हातात द्या.

अण्णांचं मात्र मला पटलेलं नाही. आई तुमच्याबरोबर, मग त्यांच्या जेवणाचं काय? ७२ वर्षांच्या माणसाच्या जिवावर शेत, गाई आणि चाळ सोडताय आणि विचारताय कांद्याचं.

धागाकर्ता

ताई, लागलं, पण बरोबर आहे. जेवणाचा डबा चुलतीकडून येणार आहे, तेवढं बोलणं झालंय. ट्रॅक्टरच्या दराची कल्पना मला सुचायला हवी होती. त्याच्याकडे चार गाई आहेत, त्यामुळे नेपियरही त्याला हवंच आहे.

बांधावरचा वकील

नेपियर गुंठ्याचा भाव ठरवून त्याला विका आणि ती रक्कम ट्रॅक्टरच्या भाड्यातून वळती करा. वहीत दोन्ही नोंदी दिसू देत.

तळकोकण

कुडाळचाच आहे, म्हणून गाईंबद्दल लिहितो. एचएफ इकडे आणू नका. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महिनोनमहिने हवा दमट. गोचीड, खुरांचा त्रास, आणि दुधाला जनावर लगेच उतरतं. वैरण काय घालणार? कडबा इथे नाही, भाताचा पेंढा आहे. आमची कोकण कपिला बारकी, दूध थोडं, पण ती या हवेत टिकते. त्यातही भाड्याच्या खोलीला गोठा कोण देणार? कोंबड्या खुशाल आणा. कुत्रा अण्णांजवळ राहू दे, त्यांना सोबत होईल.

आणि चिऱ्याच्या घरात माश्या मारायला वेळ मिळत नाही, असं अण्णांना सांगा. एकदा काजूच्या दिवसांत बोलवा त्यांना.

चांदवडचा कांदेवाला

एकराला साधारण शंभर-सव्वाशे क्विंटल धरतो. सगळा चाळीत ठेवू नका आणि सगळा घालवूही नका. मान जाड राहिलेला, जोड, डेंगळे (फुलाचे दांडे) आलेला, फावड्याचा घाव लागलेला कांदा मे महिन्यातच बाजार दाखवा, तो पावसाळा बघत नाही. बारीक मानेचा मध्यम माल तेवढा चाळीत. थर चार-पाच फुटांच्या वर नको. पावसाच्या बाजूने ताडपत्री, दुसरी बाजू उघडी. लोक चारही बाजू गुंडाळतात आणि आत माल उकडून निघतो. आठवड्याला एक फेरी वासाची. वास आला की त्या कप्प्यातला माल त्याच दिवशी निवडायचा. हे काम अण्णांनी वाकून करायचं नाही, दोन बायका लावायच्या. गणपतीपर्यंत भाव मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी चाळ रिकामी करा. पुढचा पाऊस तुम्ही तिकडून बघत बसणार आणि झोप उडणार.

रिकामं रान

सगळ्यात सोपं म्हणजे फळबाग लावा. भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान मिळतं. सीताफळ, आंबा, काहीही. तीन वर्षांनी परत याल तेव्हा बाग तयार. पाण्यासाठी "मागेल त्याला सौर पंप" मध्ये अर्ज करा, १० टक्के भरायचे, दिवसा पाणी, बिबट्याचा प्रश्नच मिटला.

धागाकर्ता

विहिरीवर आधीच वीजजोडणी आहे, त्यामुळे सौर पंपात आम्ही बसत नाही. बागेचं म्हणाल तर रोपाला पहिली तीन वर्षंच जास्त जपावं लागतं, आणि तीच वर्षं मी इथे नाही. परत आल्यावर नक्की लावीन.

उसाचं मात्र मी आता ठरवलंय. खोडवा मोडतो. गेले दोन दिवस अण्णांशी यावर वाद चाललाय, कारण फुटवा खरंच चांगला आहे आणि कारखान्याला नोंद झालीय. पण ऊस ठेवला तर रात्रीचं पाणी आलं, आणि रात्रीचं पाणी आलं की अण्णा बॅटरी घेऊन निघालेच. त्याऐवजी पावसावर सोयाबीन, मागून हरभरा, तोही ठिबकवर, म्हणजे दारं धरायला नकोत. पैसे कमी मिळतील, मिळू देत. अण्णा म्हणाले, "मग शेती कशाला म्हणतोस?" सध्या बोलत नाहीत माझ्याशी.

माहेर ओतूर

बोलतील. सोयाबीनची पेरणी त्यांच्या हातून करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. बरंचसं सुटलंय. कांदा कांदेवाल्यांनी सांगितला तसा निवडायला घेतलाय. भावाशी ट्रॅक्टरच्या दराचं बोललो, तो म्हणाला, "एवढंच ना? मी तेच म्हणणार होतो, पण तुला कसं सांगू असं झालं होतं." वकिलाकडे सोमवारनंतर जाऊ.

आता फक्त गाईंचं राहिलं. दुधातली गाय आणि कालवड गावातल्याच एका ओळखीच्या गोठ्यात जातायत. आईची अट होती की रोज दिसली नाहीत तरी कुठे आहेत ते कळलं पाहिजे. दोघींच्या कानात बिल्ला आहे, नाव बदलायचं काम पशुवैद्यकीय दवाखान्यात होईल. गाभण गाईला मात्र गावात गिऱ्हाईक नाही. डॉक्टर म्हणतात मेच्या मध्यावर दूध आटवा, म्हणजे विण्याआधी दोन महिने तिला मिळतील. आटवून लगेच बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात नेली तर पोट दिसतं पण कास भरलेली नसते, त्यामुळे व्यापारी भाव पाडणार. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबलो तर भाव चांगला, पण त्या दिवसांत टेम्पोत चढवायची भीती वाटते, आणि मला निघायला जेमतेम आठवडा उरतो. शेवटचा पर्याय म्हणजे अण्णांकडेच व्यायला ठेवायची आणि दूध चालू झाल्यावर भावाने विकायची.

ज्यांनी सातव्या-आठव्या महिन्यातली गाय टेम्पोने नेली-आणली आहे त्यांनी सांगा: असा प्रवास कितव्या महिन्यापर्यंत चालतो, आणि खाली काय अंथरता?