उपवासकाळाचा वाफा: राखेच्या बुधवारी पेरून ईस्टरपर्यंत वाटायचं कसं? (अनुभव धागा)

ख्रिस्ती उपवासकाळात (लेंट) राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस मिळतात, रविवार वगळले की 40. यंदा, 2026 मध्ये, 18 फेब्रुवारीला सुरुवात आणि 5 एप्रिलला ईस्टर. बाहेर जुनी पानं गळून कोवळी पालवी फुटायचा हाच काळ. प्रार्थना, उपवास आणि दान ही या काळाची तीन कामं. त्यातलं दान बऱ्याच घरांत शेवटच्या आठवड्यात पाकिटात घालून उरकलं जातं. एक वाफा किंवा गच्चीतल्या चार पिशव्या दानासाठी राखल्या, तर ते रोज पाणी घालून वाढवावं लागतं, आणि विश्वासाला असं रोजचं काम हवंच असतं. धाग्यावर आठवणींपेक्षा नेमकी माहिती लिहूया: काय पेरावं, किती, कधी, आणि कशामुळे बिघडतं.

वाडीकर, वसई

आधी वाटपाचा दिवस ठरवा आणि तिथून मागे मोजा. पेरल्यापासून लाल माठ 28–30 दिवसांत निघतो, मेथी 25, पालक 30–35, मुळा 40–45. भेंडीची पहिली तोडणी 45–50 दिवसांनी. म्हणून भेंडी ईस्टरला द्यायची असेल तर राखेच्या बुधवारची वाट पाहू नका, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच टोकून घ्या. मेथी आणि पालक उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात पेरा. मार्चमध्ये ऊन चढलं की पालक दांड्यावर येतो (फुलाचा दांडा काढतो) आणि मेथी पिवळी पडून कडवट होते.

नवशिक्यांनी लाल माठच धरावा. 3 फूट × 10 फुटांच्या वाफ्याला 5 ग्रॅम बी पुरतं. बी खसखशीएवढं असल्यामुळे नुसतं फोकलं तर एका जागी गर्दी होते, दुसरी जागा मोकळी राहते. चार-पाच मुठी कोरड्या वाळूत मिसळून फोका, वर अर्धा सेंटिमीटरच माती सारा आणि झारीने पाणी द्या. पाइपची धार लागली की सगळं बी वाफ्याच्या एका कडेला वाहून जातं. दहाव्या-बाराव्या दिवशी विरळणी करा. उपटलेली कोवळी रोपं घरच्या भाजीला वापरा, वाटपाला नकोत. चांगल्या वाफ्यातून तीनेक किलो माठ निघतो, म्हणजे पाव किलोच्या बारा जुड्या.

सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नये. तीन भाग करून आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा. नाहीतर एकाच दिवशी बारा जुड्या हातात येतात, आणि पुढचे दोन आठवडे ज्यांना भाजी हवी आहे त्यांच्यासाठी काहीच उरत नाही.

गच्चीबाग, पुणे

पिशवी 12 × 12 इंचांची घ्या. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळा, त्यातला क्षार निघून गेला पाहिजे. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा त्याला वास आला, तर ते कच्चं आहे. त्यात कोवळी मुळं करपतात, हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते.

सर्वात जास्त नुकसान रोपं कोलमडण्याने होतं. रोप दोन पानांवर असताना मातीलगत देठ बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं, दाट पेरणी आणि संध्याकाळी भरपूर पाणी. पाणी सकाळी द्या, पिशवीची भोकं मोकळी आहेत का ते पाहा. कोलमडलेल्या जागची वरची माती काढून टाका.

मार्चच्या मध्यापासून 50 टक्के सावलीची जाळी लागतेच. जाळी पानांना टेकू देऊ नका, किमान दोन फूट वर बांधा.

राखेबद्दल बरेच जण विचारतात. चर्चमध्ये कपाळावर लावतात ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळ्या जाळून केलेली असते, ती आशीर्वादित आहे, तिचा बागेशी संबंध जोडू नये. चुलीची लाकडी राख मात्र चालते, एका पिशवीला एक मूठ. त्यापुढे माती अल्कधर्मी होते आणि नवी पानं पिवळी पडतात.

किनारपट्टी

वाडीकरांच्या माहितीत विहिरीच्या पाण्याची भर घालतो. समुद्राजवळच्या विहिरींना मार्चनंतर खारटपणा चढतो. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळू लागल्या की खत कमी पडलं असं समजून लोक आणखी खत घालतात, त्याने क्षार अजून वाढतो. अशा वेळी खत थांबवा, पाणी पानांवर न मारता मुळाशी द्या, आणि जमिनीवर दोन-तीन इंच वाळल्या पानांचं आच्छादन करा. पालक आणि बीट हे पाणी बऱ्यापैकी सोसतात. घेवडा आणि मुळा लवकर खचतात, ते सोडून द्या.

कीडनियंत्रण

दानाच्या भाजीवर रासायनिक औषध मारूच नये. ज्याला भाजी मिळते तो फवारणी कधी झाली हे विचारू शकत नाही, म्हणून जबाबदारी पूर्ण आपली. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1–2 मिली द्रव साबण ढवळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात. काढणीआधी पाच दिवस तेही बंद, नाहीतर भाजीला कडू वास राहतो. भेंडीच्या शिरा पिवळ्या दिसू लागल्या की तो हळद्या. तो बरा होत नाही, झाड मुळासकट उपटून लांब न्या, नाहीतर पांढरी माशी तो शेजारच्या झाडांवर नेते.

वाटप

पिकवणं सोपं म्हणावं इतकं वाटप नाजूक आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचे सभासद गरजूंच्या घरी दोघा-दोघांनी जातात. ती पद्धत भाजी देतानाही पाळावी. एक जण बोलतो, दुसऱ्याच्या लक्षात घरातली अडचण येते: चूल पेटली आहे का, औषधं संपली आहेत का.

जाण्याआधी विचारा. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईला माठाची जुडी दिली तर ती निवडायची कोणी? हात थरथरत असतील तर भाजी निवडून, धुऊन, निथळून द्या आणि ती त्याच दिवशी करायला सांगा. बाकीच्यांना न धुता, मुळाची माती झटकून, ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून द्या. ओली भाजी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की संध्याकाळपर्यंत चिकट होते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पालक, माठ पथ्यात बसतीलच असं नाही, तिथे दुधी किंवा काकडी न्या. काढणी सकाळी आठच्या आत, देणं दुपारच्या जेवणाआधी.

पहिली, उत्तम जुडी दानाची. किडकी, उरलेली भाजी देणं मला मान्य नाही. फोटोही काढू नयेत. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितलंच आहे.

ज्यांना घरी जाऊन देणं अवघड वाटतं त्यांच्यासाठी बायबलमधल्या लेवीयच्या 19व्या अध्यायातला नियम आहे: शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा. वाफ्याची रस्त्याकडची एक ओळ तशी सोडा आणि शेजारपाजारी एकदा तोंडाने सांगा, "ही ओळ तुमची." पाटी लावली की लोक संकोचतात.

हिशेब

उपवासाचे वाचलेले पैसे त्याच संध्याकाळी डब्यात पडले पाहिजेत. महिनाअखेरीस आकडा आठवत नाही आणि दान अंदाजाने होतं. कॅथलिक नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) हे उपासाचे दिवस, वय 18 पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. मांसवर्ज्य शुक्रवार 14 वर्षांपासून. शुक्रवारी मटण किंवा कोंबडी आणली नाही तर तिची बाजारातली पूर्ण किंमत डब्यात टाका. त्यातून तेल, तूरडाळ घेऊन भाजीच्या जुडीबरोबर द्या. नुसती भाजी मिळाली तर फोडणीला तेल कुठून आणायचं, हा प्रश्न त्या घरात उरतोच.

मोगरा

उपवासकाळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत. लेतारे रविवार (उपवासकाळातला चौथा रविवार), मोठे सण आणि पर्व एवढाच अपवाद. मोगऱ्याचा बहर मात्र नेमका याच दिवसांत सुरू होतो. ही फुलं आजाऱ्यांच्या घरी आणि वृद्धाश्रमात न्यावीत, श्रीमंत-गरीब न पाहता. ईस्टरला भरपूर फुलं हवी असतील तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी तोडा, मग झाड दीड फुटावर छाटा, पानं काढून टाका, बुंध्याभोवतीची माती हलकी खणून दोन किलो शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. छाटणी फेब्रुवारीत ढकलली तर कळ्या ईस्टरनंतर येतात. कळ्या संध्याकाळी, मिटलेल्या असतानाच काढा.

संडे स्कूल

गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पीक देतो, हे योहानच्या 12व्या अध्यायातलं वचन मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. मूठभर गहू 8–10 तास भिजवा, रात्रभर फडक्यात बांधा, सकाळी पसरट कुंडीत दोन इंच मातीवर पेरा. आठ-दहा दिवसांत वीतभर वाढतो. बुरशी येते ती पाणी जास्त झाल्याने. मुलं प्रेमाने दिवसातून पाच वेळा पाणी घालतात, म्हणून झारी एकाच मुलाकडे द्या आणि पाळी लावा.

नारळीवाले

झावळ्यांच्या रविवारसाठी (यंदा 29 मार्च) नारळाचा मधला कोवळा कोंब कापू नका. नारळाला वाढीचा शेंडा एकच असतो, त्याला कोयता लागला तर झाड मरतं. खालची पक्व झावळी घ्या, तिच्या पात्या सोडवून वाटा. एका झावळीत पूर्ण कुटुंबाचं भागतं.

गच्चीबाग, पुणे

नारळीवाले, कापल्यावर झाडाला काही लावावं का?

नारळीवाले

हिरवी झावळी खोडाला घासून कापू नका, देठाचा सुमारे चार फूट भाग ठेवा. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा (याच्या अळ्या खोड पोखरतात) येतो आणि तिथेच अंडी घालतो. कापलेल्या जागी निंबोळी तेल चोळा. पुढचे तीन-चार आठवडे बुंध्याकडे लक्ष ठेवा. भोकातून तपकिरी चिकट रस किंवा चघळलेला भुसा दिसला, तर तेव्हाच सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) बोलवा, पावसाळ्याची वाट पाहू नका.