दुसरी डिजिटल सही होताच पहिली अमान्य का दिसते?

प्रश्न – गृहसंस्था_सचिव

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मोठ्या दुरुस्तीच्या खर्चासाठी मी अ‍ॅक्रोबॅटमध्ये भरता येण्याजोगा पीडीएफ अर्ज तयार केला आहे. रकमेचे रकाने खजिनदार भरतात व सही करतात. त्यानंतर अध्यक्ष ठरावाचा क्रमांक आणि तारीख भरून आपली सही करतात. खजिनदार सध्या मुलाकडे नाशिकला असल्यामुळे कागदावर सह्या घेण्याची सोय नाही. दोघांकडेही यूएसबी टोकनवरची (पेनड्राइव्हसारख्या उपकरणातली) डिजिटल सहीची क्लास 3 प्रमाणपत्रे आहेत.

खजिनदारांनी सही करून फाईल पाठवली तेव्हा तिच्यावर हिरवी खूण होती. अध्यक्षांची सही झाल्यावर मात्र खजिनदारांच्या सहीवर लाल फुली आली आणि सहीनंतर दस्तऐवजात फेरफार झाल्याचा संदेश दिसू लागला. एका अर्जावर दोन डिजिटल सह्या चालतच नाहीत का?

जाता जाता आणखी एक. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून उतरवला, तर त्यावरही पिवळे प्रश्नचिन्ह येते. तो बनावट समजावा काय?

उत्तर – टोकनधारक

दोनच काय, पाच सह्याही चालतात. डिजिटल सही करताना फाईलमधल्या मजकुराचा एक गणिती ठसा काढला जातो, ज्याला हॅश म्हणतात, आणि तो सही करणाऱ्याच्या खाजगी कळीने, म्हणजे टोकनमधल्या गुप्त संकेताने, बांधला जातो. दुसरी सही झाली की अ‍ॅक्रोबॅट जुना भाग न हलवता नवा भाग फाईलच्या शेवटी जोडते, म्हणून पहिला ठसा जसाच्या तसा जुळतो. लाल फुली आली याचा अर्थ बहुधा जुना भागच कुणीतरी नव्याने लिहिला. तेव्हा खरा प्रश्न असा की, खजिनदारांकडून आलेली फाईल अध्यक्षांकडे पोहोचेपर्यंत तिचे आपण काय केलेत? प्रिंट टू पीडीएफ, पाने जोडणे, आकार कमी करणे, यांपैकी काही?

प्रश्नकर्ता – गृहसंस्था_सचिव

आपला अंदाज खरा ठरला. अर्ज जिथे चढवायचा आहे तिथे 2 एमबीची मर्यादा आहे आणि कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकाची स्कॅन केलेली पाने धरून फाईल साडेचार एमबीची झाली होती. म्हणून मी ती एका संकेतस्थळावर लहान करून घेतली आणि मोबाईलवर उघडून पाहिली. सह्यांची चित्रे जागेवर दिसली, त्यामुळे शंका आली नाही.

उत्तर – टोकनधारक

घोळ तिथेच झाला. चौकटीतले नाव आणि तारीख ही केवळ सजावट आहे. मोबाईलवरची बरीच अ‍ॅप्स तेवढीच दाखवतात, पडताळणी करत नाहीत. अध्यक्षांनी फाईल उघडली तेव्हा लाल फुली तिथे असणारच; ती कुणी पाहिली नाही आणि आळ बिचाऱ्या दुसऱ्या सहीवर आला.

ही फाईल आता दुरुस्त होणार नाही. दोघांच्याही सह्या पुन्हा घ्याव्या लागतील. अंदाजपत्रक करड्या रंगात, 150 डीपीआयला स्कॅन करून अर्जाला जोडा, आकार मर्यादेत आल्याची खात्री करा आणि मगच फाईल नाशिकला पाठवा. पहिल्या सहीनंतर फाईलला हात लावायचा नाही; ब्राउझरमध्ये उघडून वेगळ्या नावाने साठवण्याचा मोहही टाळा.

अर्ज करतानाच एक काळजी घ्या. खजिनदारांच्या सहीच्या रकान्याच्या गुणधर्मांत साइन्ड नावाचा भाग आहे. तिथे सही झाल्यावर कोणते रकाने कुलूपबंद व्हावेत ते ठरवता येते. ‘जस्ट दीज फील्ड्स’ हा पर्याय निवडून फक्त रकमेचे रकाने त्यात घाला. सगळे रकाने बंद केलेत तर अध्यक्षांना ठराव क्रमांक लिहिता येणार नाही. सहीच्या खिडकीत दस्तऐवज कायमचा बंद करण्याची चौकट दिसली, तर शेवटच्या सहीपर्यंत तिच्यावर टिचकी मारू नका.

वाद निघालाच तर सिग्नेचर पॅनेलमध्ये प्रत्येक सहीखाली त्या क्षणाची आवृत्ती पाहण्याची सोय असते. खजिनदारांनी नेमक्या कोणत्या आकड्यावर सही केली ते तिथे उघड होते. मला स्वतःला डिजिटल सहीचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

उत्तर – पडताळणीप्रेमी

सातबाऱ्याबद्दल लिहितो. लाल फुली आणि पिवळे प्रश्नचिन्ह यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रश्नचिन्ह एवढेच सांगते की, सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र ज्या मुळापासून निघाले त्याच्यावर आपल्या संगणकाने अद्याप विश्वास ठेवलेला नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 नुसार प्रमाणन प्राधिकरणांना परवाने देणारे नियंत्रक आहेत आणि प्रमाणपत्रांची साखळी त्यांच्या मूळ प्रमाणपत्रापाशी संपते. साखळीच्या टोकाला ‘सीसीए इंडिया’ आणि पुढे वर्ष असे नाव दिसते.

बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की, सहीवर उजवी टिचकी मारा, प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत घाला आणि पुन्हा पडताळा, म्हणजे हिरवी खूण येते. येते खरी, पण त्या नावाचे प्रमाणपत्र घरबसल्या कुणीही बनवू शकतो आणि याच कृतीने बनावट फाईलवरही हिरवी खूण आणता येते. म्हणून मूळ प्रमाणपत्र नियंत्रकांच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे, निदान त्याचा अंगुलिठसा, म्हणजे प्रमाणपत्राची ओळख पटवणारी अक्षरे-आकड्यांची ओळ, फाईलमधल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा आणि मगच विश्वास नोंदवावा. हे काम एकदाच करावे लागते. सातबारा छापून घेतलात तर कागदावर डिजिटल सही उरत नाही. तेव्हा त्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहावा.

उत्तर – जुना_हिशेबनीस

थोडे अवांतर वाटेल, पण विचारतो. खजिनदार नाशिकला आहेत, मग त्यांचे टोकन कुठे आहे? अनेक संस्थांची टोकने पासवर्डच्या चिठ्ठीसह कर सल्लागाराच्या खणात पडून असतात. अधिनियमाच्या कलम 42 नुसार खाजगी कळ आपल्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकानेच घ्यायची असते आणि ती दुसऱ्याच्या हाती पडली तर प्रमाणन प्राधिकरणाला विनाविलंब कळवायचे असते. दुसऱ्याने केलेली सहीसुद्धा हिरवीच दिसते.

प्रश्नकर्ता – गृहसंस्था_सचिव

सर्वांचे आभार. टोकन खजिनदारांच्या सोबतच आहे. अंदाजपत्रक पुन्हा स्कॅन केल्यावर अर्ज 1.3 एमबीचा झाला. काल खजिनदारांची आणि आज अध्यक्षांची सही झाली. संगणकावर दोन्ही सह्या वैध दिसतात. अध्यक्षांनी रकमेचा रकाना बदलून पाहण्याचा प्रयत्न केला, तो बदलला नाही.