मदत हवी आहे: जिल्ह्यातल्या हिंसक मृत्यूंची नोंदवही – पोलीस, पीएम (शवविच्छेदन) आणि मृत्यूनोंदणीचे आकडे जुळत नाहीत

शेवंती

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यासाठी आमच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाला खून, आत्महत्या आणि हेतू न ठरलेले मृत्यू यांची एकत्र नोंदवही सुरू करायची आहे. अपघात बाहेर ठेवलेत. नमुना म्हणून अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची हिंसक मृत्यू नोंद व्यवस्था समोर आहे. ती २००२ मध्ये ६ राज्यांत सुरू झाली आणि २०१८ पासून सगळ्या ५० राज्यांत आहे. मृत्यूचा दाखला, शवचिकित्सकाचा अहवाल आणि पोलीस तपास असे तीन कागद जोडून त्या एकेका घटनेची नोंद करतात.

आमचे तीन कागद म्हणजे ठाण्याची रजिस्टरं (अकस्मात मृत्यू आणि गुन्हे), पीएम रिपोर्ट आणि मृत्यूनोंदणीचा नमुना ४ (डॉक्टरने भरायचा मृत्यूच्या कारणाचा दाखला). पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक आणि एथिक्स कमिटी यांच्या परवानग्या हातात आहेत. अडलंय ते इथे:

१. तिन्हीकडचे आकडे वेगवेगळे येतात, आणि कुठला मृत्यू कुठे निसटला ते कळत नाही.
२. बऱ्याच पीएममध्ये कारणापुढे नुसतं 'मत राखून ठेवले'.
३. भाजलेल्या बायकांच्या केसमध्ये हेतू काय लिहायचा?
४. आत्महत्येचं कारण म्हणून पोलिसांकडे 'कौटुंबिक वाद' किंवा 'आजारपणाला कंटाळून' एवढंच असतं. त्यावरून प्रतिबंध काय करणार?

मुद्देमाल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा शून्य नंबरात असतं. गावात विष घेतलेला पेशंट जिल्ह्याच्या किंवा शेजारच्या जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात दगावतो. दवाखान्याच्या हद्दीतलं ठाणं शून्य क्रमांकाने अकस्मात मृत्यू नोंदवतं, मरणोत्तर पंचनामा करतं आणि कागद मूळ ठाण्याला पाठवतं. तिथे त्याला नवा नंबर पडतो. दोन्ही रजिस्टरं उतरवली की एका माणसाचे दोन मृत्यू होतात. उलट, तुमच्या जिल्ह्यातला माणूस बाहेरच्या जिल्ह्यात गेला आणि कागद अजून टपालात असले, तर तो कुठेच नाही. म्हणून घटनेचं ठाणं, मृत्यूचं ठाणं आणि राहण्याचं गाव असे तीन वेगळे रकाने ठेवा. गावाला एलजीडी कोड (सरकारी यादीतला गावाचा क्रमांक) द्या, नुसतं नाव नको. एका तालुक्यात दोन-दोन पिंपळगाव निघतात.

दुसरी गळती म्हणजे कलमवाढ. मारहाणीतला जखमी दोन महिन्यांनी गेला की गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ (खुनाचा प्रयत्न) जाऊन १०३ (खून) लागतं, पण गुन्हा रजिस्टरात नोंद मूळ तारखेलाच राहते. मृत्यूच्या तारखेने शोधलात तर सापडणार नाही. इजेची तारीख आणि मृत्यूची तारीख दोन्ही घ्या. तसंच अकस्मात मृत्यूचा तपासात खून निघाला की त्याला गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) मिळतो. दोन्ही नंबर एकाच ओळीत ठेवा.

आणि हो, एक्सेलमध्ये '१२/२०२४' हा अ.मृ. (अकस्मात मृत्यू) क्रमांक टाकला की त्याची डिसेंबर २०२४ ही तारीख होते. नंबर आणि वर्ष वेगळ्या रकान्यांत घ्या. नंबर दर जानेवारीला प्रत्येक ठाण्यात एकपासून सुरू होतो, त्यामुळे ठाणे + वर्ष + नंबर हीच खरी किल्ली.

कोरडी_जखम

'मत राखून ठेवले' हे अंतिम मत नाही, पण नोंदवहीत तेच कायमचं राहून जातं. व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल) काही महिन्यांनी ठाण्यात येतो, आणि तो पीएम करणाऱ्या डॉक्टरकडे अंतिम मतासाठी परत गेला तर गेला. डॉक्टरची बदली झालेली असते. नमुना ४ तर कधीच निघालेला असतो.

उपाय कंटाळवाणा आहे. तात्पुरतं कारण, अंतिम कारण, व्हिसेरा पाठवल्याची तारीख आणि सीए आल्याची तारीख असे चार रकाने करा. दर महिन्याला प्रलंबितांची ठाणेवार यादी छापून एका माणसाने ती हातात घेऊन ठाण्यात आणि पीएम विभागात जायचं. ईमेलने हे काम होत नाही.

सीए 'निगेटिव्ह' आला म्हणजे विष नव्हतं असं धरू नका. पेशंट चार-पाच दिवस उपचारावर असेल, पोट धुतलं असेल, किंवा मिठाचं द्रावण संपृक्त नसल्याने नमुना सडला असेल, तरी निगेटिव्हच येतो. अशा वेळी इनडोअर केस पेपर काढा. दाखल करतानाची लक्षणं, कोलिनएस्टरेजची (काही कीटकनाशकांमुळे रक्तात घटणारं एन्झाइम) पातळी आणि नातेवाइकांनी आणलेल्या बाटलीची नोंद तिथे असते.

नमुना ४ मध्ये वेगळीच गंमत. भाजलेली बाई बाराव्या दिवशी गेली की पहिल्या ओळीत 'सेप्टिसेमिया' लिहून फॉर्म संपतो. मूळ कारणाच्या ओळीत भाजणं नाही, आणि 'मृत्यूचा प्रकार' व 'इजा कशी झाली' हे रकाने कोरे. कोडिंगला (कारणाला ठरावीक क्रमांक देताना) तो जंतुसंसर्गाचा मृत्यू ठरतो आणि तुमच्या यादीतून गायब होतो. म्हणून नोंदणीत फक्त बाह्य कारणांचे कोड शोधू नका. १५ ते ४९ वयाच्या सेप्टिसेमिया, एआरडीएस (फुप्फुसं निकामी होणं) आणि मेंदूतल्या रक्तस्रावाच्या दाखल्यांची नावं दवाखान्याच्या एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसच्या) रजिस्टरशी ताडून पाहा.

आकडेमोड

वरच्या दोघांशी सहमत, पण मूळ आराखड्यातली एक गोष्ट बदला. अपघात सुरुवातीलाच बाहेर काढू नका. 'विहिरीत पाय घसरून', 'स्टोव्हचा भडका', 'औषध समजून चुकून प्यायले' हेच अपघात आपल्याकडे संशयाचे. नोंदवहीत येताना वाहन अपघात, सर्पदंश आणि वीज एवढंच गाळा. बाकी सगळे आत घ्या आणि हेतू नंतर ठरवा. उलटी चूकही होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. असे मृत्यू आयसीडी-१० (आजार आणि मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय कोडयादी) मध्ये एक्स४८ मध्ये बसतात आणि कीटकनाशकाने केलेली आत्महत्या एक्स६८ मध्ये. पंचनाम्यात दोन्हीकडे 'विषारी औषध' एवढंच असतं, म्हणून बाटलीवरचं तांत्रिक नाव आणि टक्केवारी मिळेल तिथे उतरवून घ्या. श्रीलंकेत आत्महत्यांचा दर १९९५ नंतर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला, त्यात सर्वाधिक घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने घातलेल्या बंदीचा मोठा वाटा मानला जातो. कोणतं रसायन जीव घेतंय हे माहीत नसेल तर बंदी कशावर मागणार?

चौथ्या प्रश्नाबद्दल. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या आहेत, देशात सर्वाधिक. पण प्रत्येकीला कारण एकच. कर्ज, दारू, पाठदुखी आणि बायकोशी भांडण हे सगळं एका माणसात असलं तरी एकाच खणात जातं. तुमच्या फॉर्ममध्ये प्रत्येक परिस्थितीपुढे 'होय / नाही / कागदात उल्लेख नाही' असे पर्याय ठेवा. तिसरा पर्याय गाळलात तर कोरी जागा 'नाही' म्हणून मोजली जाईल. दारू, कर्ज, दुखणं, आधीचा प्रयत्न, मानसिक उपचार, गेल्या दोन आठवड्यांतला प्रसंग, घरातली मारहाण एवढं पुरे. पन्नास रकाने केलेत तर कारकून सहाव्या महिन्यात सगळीकडे 'उल्लेख नाही' लिहील. शिवाय दर दहा नोंदींतली एक दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याचं न बघता, कोड करून घ्या.

कोरडी_जखम

तिसरा प्रश्न राहिला. भाजलेल्या केसमध्ये हेतूचे तीन रकाने करा: पोलिसांचा, डॉक्टरचा आणि तुमच्या कोडरचा (नोंदीला कोड देणाऱ्याचा). मृत्युपूर्व जबाब एकाहून जास्त आणि परस्परविरोधी असतात. त्यातला 'खरा' निवडणं हे कोर्टाचं काम, तुमचं नाही. प्रत्येक जबाबाची तारीख, तो घेणारा आणि तेव्हा खोलीत कोण होतं हे लिहा. जागा (स्वयंपाकघर, मोरी, अंगण), दाराची कडी, कपड्यांवरच्या रॉकेलचा अहवाल आणि नवऱ्याच्या हातावर भाजल्याच्या खुणा हेही घ्या. तरी ठरत नसेल तर वाय२६ (आगीने मृत्यू, हेतू अनिश्चित) हा कोड द्या. अपघाताच्या खणात ढकलू नका.

लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर चौथा कागद असतो. ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तहसीलदार, करतात. तो पंचनामा ठाण्याच्या फायलीत नसेल तर तहसीलमध्ये विचारा.

शेवंती

खूप उपयोग झाला. अपघातांचा मुद्दा लगेच बदलते. आणखी दोनच शंका. खून करून स्वतःला संपवलं तर नोंद एक की दोन? आणि तालुकावार आकडे जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे आहेत, ते किती बारीक द्यावेत?

आकडेमोड

घटना एक, माणसं दोन. प्राणघातक इजा २४ तासांच्या आत झालेल्या आणि एकमेकींशी जोडलेल्या असतील तर घटनाक्रमांक एकच द्या, हाच अमेरिकन नियम आहे. खून एका फायलीत आणि आत्महत्या दुसऱ्या फायलीत गेली की घरगुती हिंसेचा धागा तुटतो.

आकडे देताना तक्त्यातला १० पेक्षा कमी आकड्याचा खण झाका, आणि बेरजेतून तो उलगडत नाही ना तेही पाहा. तालुक्यासाठी तीन वर्षं एकत्र करा. गावाचं नाव, वय आणि पद्धत एका ओळीत आली की नाव नसलं तरी अख्ख्या गावाला माणूस कळतो.

वार्षिक अहवालाची वाट पाहू नका. कोलंबियातल्या काली शहरात १९९३ पासून महापौर रॉद्रिगो ग्वेरेरो, जे स्वतः साथरोगतज्ज्ञ, पोलीस, आरोग्य आणि न्यायखात्याला दर आठवड्याला बसवून प्रत्येक खुनाची माहिती ताडून घ्यायचे. खून पगाराच्या आठवडाअखेरीस, रात्री आणि दारूसोबत होतात हे त्यातून दिसलं, आणि निर्बंध त्याच वेळांवर लावले. तुम्हाला महिन्यातून एक बैठक पुरेल, पण ठाण्याचा लेखनिक, पीएम विभागाचा माणूस आणि मृत्यूनोंदणीचा कारकून तिघेही हवेत. साहेब लोक आले नाहीत तरी चालेल.

मुद्देमाल

घरी जाऊन माहिती घेणार असाल तर तेराव्याच्या आत जाऊ नका, तीन महिने तरी थांबा. पोलिसांसोबत तर मुळीच नको, एकही शब्द खरा मिळणार नाही. आशाताईंना पुढे करू नका, त्यांना त्याच गावात राहायचं असतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फॉर्मच्या पाठीवर छापा, घरच्यांसाठी आणि दिवसभर हेच कागद वाचणाऱ्या तुमच्या टीममधल्या मुलामुलींसाठीही.