कोडे सुटते, पण गोष्ट कळत नाही: मोबाइल गेमसाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

आम्ही दोघे मिळून मोबाइलसाठी एक कथाप्रधान गेम तयार करत आहोत. अबोला धरलेल्या दोन बहिणींची ही गोष्ट आहे. पहिल्याच प्रकरणात थोरलीने लिहून फाडून टाकलेल्या पत्राचे 24 तुकडे जुळवावे लागतात. चाचणीसाठी खेळलेल्या परिचितांनी ते आवडीने जुळवले, मात्र पत्रात काय लिहिले होते, असे विचारल्यावर एकालाही नीट सांगता आले नाही, कारण सर्वांचे लक्ष कागदाच्या कडांवर होते. आमचे कोडे गोष्टीच्या दारावरचे कुलूप झाले आहे.

याउलट, 2018 च्या ‘फ्लॉरेन्स’ या प्रेमकथेच्या गेममध्ये पहिल्या भेटीतला संवादाचा फुगा अनेक तुकड्यांतून जुळवावा लागतो, ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात आणि भांडणात त्यांनाच टोकदार कडा येतात. ‘अनपॅकिंग’ या घर बदलल्यावर सामान लावण्याच्या गेममध्ये नायिका जोडीदाराच्या घरी राहायला जाते, तेव्हा तिच्या पदवीचे प्रमाणपत्र लावायला भिंतीवर जागाच मिळत नाही; शेवटी ते पलंगाखाली सरकवावे लागते. जे पात्राला नडते, तेच खेळणाऱ्यालाही नडते, आणि तेही एका वाक्याच्या स्पष्टीकरणाशिवाय. (आमच्या गेममध्ये स्पष्टीकरणे भरपूर आहेत, हे ओशाळून मान्य करतो.)

म्हणून आता तुकडे सातच ठेवून ते कडांऐवजी अर्थावरून जुळावेत, असा विचार आहे. मराठीत होकार किंवा नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. त्यामुळे ‘मी तुझी वाट पाहणार’ या तुकड्यापुढे ‘आहे’ आणि ‘नाही’ हे दोन्ही तुकडे बसतील आणि धाकटीला पडलेला संभ्रम खेळणाऱ्यालाही पडेल. माझ्या सहकाऱ्याच्या मते मात्र हे कोडे उरतच नाही. खेळणारा दोन्ही तुकडे लावून पाहील आणि पुढे जाईल.

चुकीची जुळणीही स्वीकारून पुढचे प्रकरण त्या गैरसमजावर चालू द्यावे का, की तिथेच अडवावे? आणि दोन दिवसांनी गेम पुन्हा उघडून अडकलेल्या माणसाला सूचना द्यायची झाल्यास, ती पडद्यावरच्या बटणातून न देता धाकटीच्या एखाद्या आठवणीतून कशी देता येईल? असे काही प्रत्यक्ष करून पाहिलेल्यांनी, विशेषतः जे फसले त्याबद्दल, सविस्तर लिहावे, ही विनंती.